राजाचा आखडता हात आणि भिवरेच्या गाठी

एक होता राजा, आणि त्याला होते दोन हात.

हसताय काय? दोन हात सगळ्यांनाच असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ह्या राजाच्या हातांची गंमत न्यारी होती. गंमत कसली डोंबलाची, अन्याय होता तो! काही घ्यायला पुढे केला, की हात लांबायचा. भोपळ्याच्या वेलासारखा, सरसर सरसर. आणि काही द्यायला पुढे केला, की आखडायचा. कासवाच्या मानेसारखा, सुळ्ळकन आत.

जन्मापासून तसा नव्हता, बरं का. लहानपणी तुमच्या-आमच्यासारखाच होता. पण गादीवर बसला आणि सवय लागली. देताना कोपर जरासं वाकवायचं, घेताना खांदा जरासा पुढे काढायचा. वर्षं गेली. सवय अंगात मुरली, अंगातून हाडात उतरली, आणि एक दिवस हातांनीच ठरवून टाकलं, की आता आपण असेच.

राजाचं नाव आजानुराव. मोजपूरचा राजा. आणि मोजपुरात कायदा काय? तर हात म्हणजे राजाचा हात. कापड मोजा, कुंपण मोजा, दोर मोजा, राजाच्याच हातानं मोजा. आता राजा काही दारोदार मोजत फिरणार नाही. म्हणून त्यानं एक हातदार नेमला. गुंडोपंत हातदार. पोट पुढे, पगडी मागे, आणि काखेत नेहमी एक काठी.

एक काठी म्हटलं ना मी? चुकलं. काठ्या होत्या दोन. राजाच्या कोठाराच्या पुढच्या दाराशी घेण्याची काठी, चांगली दीड हात लांब. मागच्या दाराशी देण्याची काठी, जेमतेम अर्धा हात. दोन्हींवर राजाची मोहोर, आणि मोहोरेखाली अक्षरं तीच: 'एक हात'. बघा म्हणजे! पुढच्या दारानं देणारा मागच्या दाराशी कधी जायचा नाही, आणि मागच्या दारानं घेणारा पुढे कधी यायचा नाही. त्यामुळे दोन काठ्या एका जागी कुणी पाहिल्याच नव्हत्या. कापड कमी भरलं, तर लोक म्हणायचे, 'आपलंच मोजायला चुकलं असेल.' गरिबाला नेहमी असंच वाटतं, की चुकलं असेल तर आपलंच.

तर ह्या मोजपुराच्या पार टोकाला एक गाव होतं. पाताळवाडी. नाव का पाताळवाडी? तिथली विहीर इतकी खोल, की वरून खडा टाकावा, पानाला चुना लावावा, सुपारी कातरावी, विडा चघळून व्हावा, आणि मग कुठं खालून आवाज यावा, 'डुबुक'.

त्या गावात केरबा नावाचा म्हातारा दोर वळायचा. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, त्यांचा वाख काढायचा, आणि त्या वाखाचा पिळून पिळून दोर करायचा. त्याची मुलगी भिवरा. तीही दोर वळायची. हात खरखरीत आणि जीभ त्याहून खरखरीत. गावात म्हणायचे, सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तशी ही भिवरा आहे. भिवरेला ते ऐकून बरं वाटायचं.

भिवरेला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मोजायला? मोजायला तिचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. दोन्ही हात पसरले, की ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत होतो एक वाव. दोर वळणारे वावानंच मोजतात. आणि मोजलेलं लक्षात ठेवायला केरबानं तिला एक युक्ती शिकवली होती. कमरेला सुतळी लावायची, आणि दहा झाले की एक गाठ. दहाच्या दहा वेळा झाल्या की पुढची गाठ. ती दहाची नाही हं, शंभराची! तिसरी गाठ हजाराची. एकेक गाठ म्हणजे आधीच्या दसपट. "आकडा कितीही फुगू दे पोरी," केरबा म्हणायचा, "आपल्याला वीतभर सुतळी पुरते."

एकदा काय झालं, पाताळवाडीच्या विहिरीचा दोर झिजून तुटला. नवा ऐंशी हात हवा. आता दोर करणारा गावातच बसलेला. त्यानं करावा, विहिरीवर चढवावा, संपलं. पण नाही! राजाची मोहोर लागल्याशिवाय दोर विहिरीवर चढवायचा नाही, असा कायदा. म्हणून केरबानं वीस वाव दोर केला. वीस वाव म्हणजे बरोबर ऐंशी हात. आणि तो डोक्यावर घेऊन कोठाराच्या पुढच्या दाराशी गेला.

गुंडोपंतानं लांब काठी लावली. "त्रेपन्न हात! म्हाताऱ्या, राजाला फसवतोस?"

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ वर्षं दोर वळला, आणि आजच मोजायला चुकलो? खाली मान घालून घरी आला. बारा दिवस बसून त्यानं आणखी दहा वाव वळला. तळहाताची सालं निघाली. तीस वाव झाला, तेव्हा गुंडोपंत म्हणाला, "हां, आता ऐंशी."

तोवर गावानं जुना दोर गाठी मारमारून चालवला होता, तोही विहिरीत गळून पडला. मग मागच्या दारानं गावाला दोर मिळाला. मोहोर लावलेल्या पोत्यात बांधून. केरबानं पोतं फोडलं, दोर रहाटावर चढवला, पोहरा बांधला आणि सोडला. सोडला, सोडला, आणि दोर संपला! पोहरा आपला मध्येच लटकतोय. खाली पाणी चकाकतंय. आणि मध्ये एवढी मोठी रिकामी विहीर.

गावानं एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी गुरं हंबरायला लागली. चौथ्या दिवशी गुंडोपंत घोड्यावरून आला. आत डोकावला. मग दोराचं टोक बघून म्हणाला, "हे तर ताजं कापलेलं! ऐंशी हात आत आला, ऐंशी हात बाहेर गेला. मग कमी कसा? ह्या म्हाताऱ्यानंच वाटेत कापला." आणि केरबाच्या हाताला त्यानंच वळलेला दोर बांधला.

"किती दिवस नेणार आबांना?" भिवरेनं विचारलं.

"पाणी दोराला लागेपर्यंत," गुंडोपंत म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

तुम्ही असता तर रडला असता. भिवरा रडली नाही. तिच्या कानशिलापासून रागाची जी एक तार तापली, ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. तिनं विहिरीतला दोर वर ओढला आणि हात पसरून मोजला. दहा वाव. पुन्हा मोजला. दहाच वाव. आबांनी दिला तीस, गावाला आला दहा. मधला वीस वाव काय उंदरांनी खाल्ला?

ती तडक राजाकडे निघाली. दहा पावलं गेली आणि थांबली. मनाशी म्हणाली, 'मी सांगणार माझ्या वावानं मोजला म्हणून. राजा म्हणेल, तुझा हात खरा की माझा? मग काय सांगू? आज त्याच्या हाताचं राज्य, उद्या माझ्या हाताचं. फरक काय राहिला?'

माप असं हवं, की ते कुणाचंच नको. घेताना फुगणार नाही, देताना रोडावणार नाही.

ती विहिरीशी परत आली. काठावर एक काळा चिरा बसवलेला होता, हातभर लांबीचा. तिच्या आजोबांच्या आजोबांच्या वेळचा. चिरा म्हणजे घडवलेला दगड, बरं का. त्याच्यावर लोक बसले, घागरी आपटल्या, सासुरवाशिणींनी तिथं बसून सासवांचे उद्धार केले. चिरा तिळभर वाढला नव्हता की तिळभर घटला नव्हता. भिवरेनं बांबूची एक काठी घेतली आणि चिऱ्याबरोबर कापली. तिचे केले सारखे दहा भाग, आणि एकेका भागाचे पुन्हा दहा. झाल्या शंभर खाचा. मग काठी खांद्यावर, सुतळी कमरेला, दाभण अंबाड्यात, आणि निघाली.

दरबार भरला होता. आजानुराव सिंहासनावर बसला होता. मिशा इतक्या लांब, की कानांभोवती दोनदोन वेढे दिलेले. शेजारी राणी. तिच्या मांडीवर लाडवांचं ताट, आणि ती राजाला एकेक लाडू भरवतेय. लोक म्हणायचे, 'काय बाई प्रेम! भर दरबारात भरवते!' हे लक्षात ठेवा हं, मी पुढे विचारणार आहे.

भिवरेनं मुजरा केला तो नावापुरता. "महाराज, माझ्या आबांनी तीस वाव दोर दिला. गावाला दहा वाव आला. मधला वीस वाव कुणी गिळला?"

गुंडोपंत पुढे आला. "खोटं, महाराज! पुढच्या दारानं ऐंशी हात आला, मागच्या दारानं ऐंशी हात गेला."

"मग दोन्ही दारांच्या काठ्या आणून एकमेकींशेजारी उभ्या करा."

"नाही जमायचं," गुंडोपंत म्हणाला. "त्या सख्ख्या जावा आहेत. एकमेकींचं तोंड बघत नाहीत."

दरबार हसला. राजा हसला. "बाई, हात माझा आहे. मी लांबवीन, नाही तर आखडीन. तू कोण विचारणार?"

"हात तुमचा, महाराज. पण तहान आमची."

हसू थांबलं. राजाला राग आला. राजे लोकांना खरं ऐकलं की आधी रागच येतो. तो म्हणाला, "एवढी तुझी दगडाची काठी खरी असेल, तर माझ्या हातालाही जे मोजता येत नाही, ते मोजून दाखव. तीन गोष्टी देतो. तिन्ही जमल्या तर तुझा बाप सोडीन. एक जरी चुकली, तर तूही त्याच्या शेजारी कोठडीत."

"द्या," भिवरा म्हणाली.

पहिली गोष्ट. राजा म्हणाला, "माझ्या मिशीचा केस किती जाड, ते सांग."

भिवरा म्हणाली, "शंभर केस द्या."

राजानं दोन्ही हातांनी मिशा झाकल्या. "एक! एकच मिळेल." आणि तोही देताना हात असा आखडला, की भिवरेला पार सिंहासनाच्या पायरीवर चढून घ्यावा लागला.

एक तर एक. केस चांगला सव्वादोन हात होता. कुणाचे हात, ते विचारू नका! काठीची एक खाचही त्या केसापुढे हत्तीसारखी. केस काठीवर धरला तर दिसेना. गुंडोपंत फिदीफिदी हसायला लागला. पण भिवरेनं अंबाड्यातली दाभण काढली, आणि दोर गुंडाळतात तसा तो केस दाभणीवर गुंडाळला. वेढ्याला वेढा लावून, मध्ये फट नाही, एकावर एक नाही. एक, दोन, तीन करत शंभर वेढे झाले. मग दाभण काठीवर ठेवली. शंभर वेढे बसले बरोबर दोन खाचांत.

"लहान वस्तूची लाज काढायची नसते," ती म्हणाली. "एकटी दिसत नसेल, तर शंभर जणी रांगेत उभ्या करायच्या."

मग तिनं सुतळी काढली. मोठं होत जाणाऱ्या आकड्याला सरळ गाठ. लहान होत जाणाऱ्याला उलटी गाठ, डाव्या हाताची. एक उलटी गाठ म्हणजे दहावा भाग, दोन म्हणजे शंभरावा. खाच म्हणजे चिऱ्याचा शंभरावा भाग, म्हणून दोन उलट्या गाठी. दोन खाचांत वेढे शंभर, म्हणून आणखी दोन. "दोनाला चार उलट्या गाठी. चिऱ्याचे दहा हजार भाग केले, तर त्यातले दोन भाग म्हणजे तुमच्या मिशीचा केस."

राजानं स्वतः वेढे मोजले. शंभरच निघाले. त्यानं मिशी कानामागे घट्ट खोचली. "हं. दुसरी गोष्ट."

दुसरी गोष्ट होती खसखशीची. ह्या राजानं काय केलं होतं ठाऊक आहे? राज्यातली सगळीच्या सगळी खसखस घेऊन कोठारात भरली होती. खसखशीच्या खिरीनं झोप छान लागते ना, म्हणून! मोजपुरात घोरायचं ते एकट्या राजानं. बाकीची प्रजा आपली ह्या कुशीवरून त्या कुशीवर. आता ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

"माझ्या कोठारात खसखशीचे दाणे किती?" राजा म्हणाला. "माझे सात कारकून बारा वर्षं मोजताहेत. दोघांना चष्मे लागले, एकानं संन्यास घेतला."

भिवरा कोठारात गेली. भुईमुगाच्या शेंगेचं अर्धं टरफल घेतलं, त्यात खसखस भरली आणि दाणा दाणा मोजली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मोजून झाली. एक हजार दाणे. सुतळीला तीन गाठी. मग दहा टरफलांत भरली एक पळी, चौथी गाठ. दहा पळ्यांत एक वाटी, पाचवी गाठ. दहा वाट्यांचा एक तांब्या, दहा तांब्यांची एक घागर, दहा घागरींचा एक रांजण, आणि दहा रांजणांची एक कणगी. मोजा बरं गाठी. सहा, सात, आठ, नऊ. कोठारात अशा कणग्या होत्या चार.

"चाराला नऊ गाठी," भिवरेनं सुतळी दरबारात ताटात ठेवली. "चार अब्ज दाणे. एकेक मोजत बसलात आणि रोज हजार मोजलेत, तरी एका माणसाला अकरा हजार वर्षं लागतील, महाराज. चष्म्यानं काय होतंय?"

तेवढ्यात दरबाराची जेवणाची वेळ झाली. सगळे उठले. सगळे उठले म्हणजे, एक जण नाही उठला. कोण ते तुम्ही ओळखलंच.

जेवण करून दरबार परत बसला, आणि गुंडोपंतानं सुतळी उचलून सगळ्यांसमोर बोटं लावून मोजली. "एक, दोन, तीन... आठ. आठच गाठी! महाराज, आठ गाठी म्हणजे चाळीस कोटी. तोंडानं सांगते चार अब्ज, सुतळी सांगते चाळीस कोटी. बाई चुकली! न्या कोठडीत!"

दरबारातले शहाणे म्हणाले, "जाऊ दे हो, एका गाठीनं काय होतंय?"

आता मात्र भिवरेचा ताबा सुटला. "एका गाठीनं काय होतंय? एक गाठ गेली, की दहा कणग्यांची एक कणगी होते! नऊ कणग्या हवेत जातात! तुमच्या ताटातल्या दहा पोळ्यांतल्या नऊ उचलल्या तर म्हणाल का, एका गाठीनं काय होतंय? माझ्या बापाचा वीस वाव दोर असाच गेला. एवढीशी काठी, एवढीशी सुतळी, आणि त्यात गावाची तहान बुडवायची!"

 तिनं सुतळी राजासमोर उजेडात धरली. "दोर वळणाऱ्याच्या घरातली आहे मी. गाठ सोडली, तरी वाखाची मुरड जात नाही. ही बघा." आठव्या गाठीच्या पुढे सुतळी नागमोडी झाली होती, अंथरुणातून उठलेल्या केसांसारखी. "आता हातदारांची नखं बघा."

गुंडोपंतानं हात पाठीमागे लपवले. राणीनं नुसतं बोट दाखवलं, आणि शिपायांनी ते पुढे आणले. अंगठ्याच्या नखात वाखाचा पिवळा धागा!

राजानं धागा निरखून पाहिला. पण हरला असं राजे लगेच कुठं म्हणतात? तो जागचा उठला, बाह्या सरसावल्या आणि गरजला, "तिसरी गोष्ट! ह्या राज्यातलं सगळ्यात मोठं माप मोज. माझा हात मोज!"

भिवरा पुढे झाली. "महाराज, चार दिवस माझ्या गावाला पाणी नाही. एक पेला पाणी द्या."

राजानं पेला उचलला आणि हात पुढे केला. सुळ्ळकन हात आखडला. भिवरेनं काठी लावली. अर्धा चिरा. पेला तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

"आता ही माझी दाभण घ्या. तुम्हाला दिली."

राजानं हात पुढे केला. सरसर सरसर हात लांबला. भिवरेनं काठी लावली. दीड चिरा.

"कुठला लिहू, महाराज?"

"मधला लिही!" राजा ओरडला.

"मधला कधी कुणी पाहिलाय का? बरं, राहू दे. एकच शेवटचं करा. ताटातला लाडू उचला, आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडात घाला."

 राणीनं मान खाली घातली. आता आलं का लक्षात, ती का भरवायची ते?

राजानं लाडू उचलला. उचलणं म्हणजे घेणं. हात मस्त लांबला. मग लाडू तोंडाकडे आणला. पण तोंडाला द्यायचं, म्हणजे देणंच की! सुळ्ळकन हात आखडला. लाडू तोंडापासून वीतभर लांब लटकला. राजानं मान पुढे काढली, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले. लाडू दिसतोय, वास येतोय, पोहोचत नाही. पाताळवाडीच्या विहिरीत पोहरा लटकत होता ना, अगदी तस्सा.

कुणी हसलं नाही. राजाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. "वीस वर्षं झाली," तो हळूच म्हणाला. "माझ्या हातानं मला एक घास देता आला नाही."

भिवरेचा राग काही गेला नव्हता. लगेच जात नसतो खरा राग. पण आवाज खाली आला. "आता कळलं, समोर पाणी दिसत असताना तहान कशी लागते ते? दुसऱ्याला देताना आखडता आखडता हात तुमच्याच तोंडाला आखडला. तुमचा हात मापात बसत नाही, महाराज, कारण तो एका जागी राहतच नाही. चला विहिरीवर."

आणि काय आश्चर्य, राजा निघाला! पुढे भिवरा, मागे राजा, त्याच्या मागे राणी लाडवांचं ताट घेऊन. कोठारात केरबाचा दोर तुकड्यातुकड्यांत सापडला. केरबाला कोठडीतून काढला, तेव्हा त्यानं आधी दोराचे तुकडे पाहिले आणि मग मुलीला. "कुणी कापला गं असा आडवातिडवा? ह्याला दोर कापायची अक्कल नाही." मग बसून बोटानं पीळ उलगडून त्यानं सगळे तुकडे असे जोडले, की जोड शोधून सापडू नये. विहिरीवरचा दहा वाव त्याला जोडला, आणि झाला पुन्हा तीस वाव.

विहिरीवर सारा गाव जमला. राजानं पोहरा हातात घेतला. "मीच सोडतो," म्हणाला.

दोर सोडणं म्हणजे देणंच. पहिला चिराभर दोर देताना राजाला दरदरून घाम फुटला. हात आखडून छातीला चिकटला. भिवरा काठी लावून मोजतेय, "एक." दुसरा दिला, हात तसूभर सुटला. "दोन." दहा झाले. वीस झाले. कोपर कुरकुरलं, जुन्या दारासारखं. चाळीस झाले. लोकांनी श्वास रोखून धरले. साठ. सत्तर. राजाच्या हाताला झिणझिण्या आल्या, रक्त खेळायला लागलं, हाडं आपापल्या जागी बसायला लागली. एकोणऐंशी.

"ऐंशी," भिवरा म्हणाली.

आणि खालून आवाज आला. डुबुक!

कुणी नाचलं, कुणी रडलं. गुरांनीसुद्धा माना वर केल्या. राजानं स्वतः पोहरा ओढला आणि केरबाच्या ओंजळीत पाणी ओतलं. हात आखडला का? नाही! पोहरा घेताना हात केवढा, तेवढाच ओतताना. भिवरेनं लगेच काठी लावून पाहिली. भोळी थोडीच होती ती. एक चिरा. दोन्ही वेळा एक चिरा.

राजा म्हणाला, "केरबा, शिक्षा संपली. पाणी दोराला लागलं."

केरबानं तोंड पुसलं. "चूक, महाराज. दोर पाण्याला लागला. पाणी होतं तिथंच होतं."

राजानं कान पकडले. मग ताटातला एक लाडू उचलला आणि स्वतःच्या हातानं तोंडात घातला. अख्खा. राणी म्हणाली, "सुटले बाई एकदाची!" आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिनंही एक लाडू निवांत खाल्ला.

मग काय काय झालं, ते भराभर सांगते, नाही तर तुमचे डोळे मिटायचे. गुंडोपंताच्या दोन्ही काठ्या पहिल्यांदाच एकमेकींशेजारी आल्या. कुठे? चुलीत. सख्ख्या जावा, पण जळताना अगदी गळ्यात गळा. त्यांच्यावर शिजली चार कणग्यांतल्या खसखशीची खीर, आणि ती राज्यात घरोघर गेली. गुंडोपंतानं गावाच्या तहानेचे चार दिवस पाणी ओढून फेडले, आणि मग भिवरेच्या काठीसारख्या काठ्या करून गावोगाव वाटल्या. कायदा बदलला. चिरा म्हणजे विहिरीवरचा चिरा. पुढच्या दारी तोच, मागच्या दारी तोच. राजाला तोच, रंकाला तोच. अजूनही कुणी द्यायला कुरकुरला, की आपण म्हणतो ना, 'हात आखडता घेतला'? तो ह्याच राजाचा हात.

आणि तीस वाव दोरातला वीस विहिरीला लागला. उरला दहा. त्याचा पाताळवाडीच्या वडाला झोका बांधला. भिवरा रोज त्यावर बसायची आणि मोजायची नाही. झोका मोजायचा नसतो.

त्या दिवशी खीर खाऊन सगळं मोजपूर गाढ झोपलं. राजा, राणी, केरबा, भिवरा, गुरंढोरं, सगळे. किती वेळ झोपले म्हणता? दीडाला तीन गाठी, इतकी पळं. जुनी पळं हं, मिनिटाला अडीच. करा हिशेब डोळे मिटून. आणि जेवढा हिशेब, तेवढीच झोप घ्या. एक गाठ कमी केलेली मला चालायची नाही.